लिंबाजीआबांची पहिली श्रद्धांजली

दहावीच्या वर्षी मला अलंकार झाले. वस्तीतल्या इतर पोरींना त्या वयात कांजिण्या व्हायच्या, नाहीतर लग्न व्हायचं. मला अलंकार झाले आणि ते अंगभर उठले. आमचे मराठीचे सर एके दिवशी वर्गात आले, फळ्यावर उपमेय, उपमान, साधर्म्य आणि साम्यवाचक शब्द एवढं लिहिलं, हाताचा खडू झटकला आणि म्हणाले, “जगात अशी एकही गोष्ट नाही, जिच्यासारखी दुसरी गोष्ट सापडत नाही. शोधणारा पाहिजे.” बाकीच्या वर्गानं ते चार शब्द वहीत उतरवून घेतले. मी मात्र शोधायला निघाले. आज इतकी वर्षं पोरांना अलंकार शिकवून निवृत्त झाल्यावर सांगते, की वर्गात असा एखादा पोरगा किंवा पोरगी दिसली, डोळे चमकायला लागलेली, की मला तिच्या घरच्यांची काळजी वाटायची.

आमचं घर गंगाखेडला, स्टेशनाच्या मागच्या वस्तीत. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. मालगाडी गेली की पत्रे थरथरायचे आणि मांडणीतल्या जर्मनच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. माय सकाळी भाकरी थापून रोजानं शेतात जायची. दुष्काळ नुकताच सरला होता, पण रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, अजून सरला नव्हता. त्याची भाकरी तांबडी आणि चिवट, अंबाडीच्या भाजीत कितीही बुडवली तरी घशात अडायची. सरांनी अलंकार शिकवले त्या संध्याकाळी मी ती भाकरी दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाले, “माय, ही भाकरी म्हणजे जणू मावळता सूर्यच!”

माय चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, “गिळ गुमान. सूर्य रेशनवर भेटत न्हाई.”

दादा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना खरं तर आनंद झाला होता, पण मास्तरपण आडवं आलं. ते म्हणाले, “जणू आलं म्हणजे उत्प्रेक्षा. नाहीतर तू उपमा म्हणून लिहून येशील पेपरात.” एवढं उत्तेजन मला पुरे होतं. पुढचे काही दिवस घरातल्या एकाही वस्तूला मी तिच्या नावानं राहू दिलं नाही. धाकट्या भावाच्या नाकाला मी भज्याची उपमा दिली, तो रडत रडत आरशासमोर जाऊन बसला. शेजारच्या तुळसाकाकूंना ‘गजगामिनी’ म्हणाले. त्यांनी शाळेत जाणाऱ्या पुतण्याकडून त्याचा अर्थ काढून घेतला आणि त्यानंतर आमच्याकडं विरजण मागायला येणं बंद केलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून लिंबाजीआबांचं घर होतं. नात्यानं ते आमचे कोणी नव्हते, पण सगळ्या वस्तीचे ते आबा होते. रेल्वेत गँगमन म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. निजामाच्या काळात लागले आणि रूळ ठोकत ठोकत म्हातारे झाले. अंगानं चांगले धिप्पाड, मिशा पांढऱ्या, आणि आवाज असा की ते अंगणात “चहा!” म्हणाले की आमच्या घरात माय आधण ठेवायची. बोलायला बसले की निजामाची रेल्वे, तिचे साहेब आणि त्या साहेबांना आबांनी दिलेली उत्तरं, यांना अंत नसायचा. त्यांची बायको धुरपताआजी. बारीक, काळी, कमी बोलणारी. आबा बाहेर बाजेवर बसून काही सांगायला लागले की आतून तिचा आवाज यायचा, “खोटं हाय ते.” आबा थांबायचे नाहीत. ती तेवढं म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागायची.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि आबांचा दमा उसळला. त्यांना पूर्ण्याला रेल्वेच्या दवाखान्यात ठेवलं. मुलगा किसनकाका जाऊन येऊन असायचा. अशात एका दुपारी मी स्टेशनच्या नळावर पाणी भरत होते. त्या नळाचं पाणी गोड, म्हणून वस्तीतल्या आम्ही पोरी तिथं जायचो. परभणीकडून पॅसेंजर आली. ती सुटता सुटता एका डब्याच्या खिडकीतून कोणी हाक मारली. बघते तर रहेमानचाचा. आबांचे जुने सोबती, पूर्ण्याला राहणारे. ते ओरडून म्हणाले, “ए बेटी! लिंबाजी चले गये! घरकू बोल—” आणि इंजिनानं शिट्टी मारली. पुढचे त्यांचे ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही. त्यांनी हात उंच करून कुठंतरी लांब दाखवलं. मी त्या हाताच्या दिशेनं बघितलं. मला आभाळ दिसलं.

त्याच आठवड्यात सरांनी श्लेष शिकवला होता. एकच शब्द, दोन अर्थ. मी त्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती आणि सरांनी शाबासकी दिली होती. पण भरली घागर तिथंच टाकून मी पळत सुटले तेव्हा ‘गेले’ या शब्दाला दुसराही अर्थ असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा मृत्यूची बातमी घेऊन निघाले होते आणि ती साध्या शब्दांत सांगणं मला बरं वाटत नव्हतं.

धुरपताआजी दारात बसून अंबाडी निवडत होती. मी समोर उभी राहिले, दम खाल्ला आणि म्हणाले, “आजी, आबांची प्राणज्योत अनंतात विलीन झाली.”

आजी वर बघून म्हणाली, “कशाची ज्योत? कंदिलाचं काय झालं?”

तेव्हा मग माझा नाइलाज झाला. मी सरळ म्हणाले, “आबा वारले, आजी.” त्या महिन्याभरात अलंकार सोडून मी बोललेलं हे एकच वाक्य असेल, आणि तेच खोटं निघालं. मी नुसतं ‘आबा गेले’ म्हणाले असते तर आजीनं नक्की विचारलं असतं, “कुठं गेले?” तिची तशी सवयच होती.

आजीनं आरडाओरडा केला नाही. मांडीवरची अंबाडी तिनं सुपात ठेवली, सूप बाजूला सरकवलं आणि म्हणाली, “सकाळचा चहा तरी भेटला असंल का त्याला?”  मायनं येऊन तिला जवळ घेतलं. वस्ती गोळा झाली. किसनकाका स्टेशनवर धावला. स्टेशनमास्तरांनी फोन फिरवून पूर्ण्याच्या दवाखान्यात विचारलं, तिथून उत्तर आलं, “तो पेशंट इथं नाही आता.” यावर आणखी काय विचारायचं? किसनकाका आणि दोघं जण मिळेल त्या गाडीनं आबांना आणायला गेले. दादा मला म्हणाले, “सुमन, उद्या सभेत दोन शब्द बोलावे लागतील. तू लिही.” आबा गेल्याचं मला दुःख झालं होतं, ते खोटं नाही. पण दादांनी ‘तू लिही’ म्हटल्यावर त्या दुःखात माझ्या पोटात जे गुदगुल्यासारखं झालं, तेही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोरच्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. सगळी वस्ती बसली होती. गाडीनं आबांना आणतील म्हणून वाट बघणं चाललं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. गाडीला उशीर होता. बायकांचं रडून झालं होतं आणि पोरं कंटाळली होती. तेव्हा दादांनी मला खूण केली. मी उठले, कागद उघडला आणि वाचायला लागले. “आबा म्हणजे आपल्या वस्तीवरचे आभाळ होते. ते चंदनासारखे झिजले. ते दिव्यासारखे जळले. त्यांच्या हातोड्याचा आवाज ऐकून आकाशातल्या विजाही लपून बसत. आज रूळ पोरके झाले आहेत, रूळ रडत आहेत.” रूळ रडत आहेत, ही चेतनगुणोक्ती. ती माझी सगळ्यात आवडती जागा होती आणि तिथं बायकांचा हुंदका फुटला. मला फार बरं वाटलं. मी दम घेतला. सगळ्यांच्या माना खाली होत्या.

मी वाचत असतानाच सडकेवर पालमकडून आलेली एसटी थांबून गेली होती. तिच्यातून एक माणूस उतरला. अंगावर घोंगडी, डोक्याला मफलर, हातात पेरूची पिशवी. गर्दी बघून तो मागं येऊन उभा राहिला, आणि मयताची सभा आहे हे ओळखून त्यानं मफलर काढून हातात घेतला. माझं वाचन त्यानं बराच वेळ ऐकलं. मग पुढं बसलेल्या तुळसाकाकूंकडं वाकून हळूच विचारलं, “कोण गेलं वं?”

काकू पदर डोळ्याला लावूनच म्हणाल्या, “आपले लिंबाजीआबा.”

“कोणता लिंबाजी?”

“दुसरा कोणता हाय? गँगमन!”

“आन् मंग मी कोण हाय?”

हे शेवटचं वाक्य आबा त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले. काकूंनी वळून बघितलं आणि किंकाळी फोडली. सगळे उभे राहिले, पोरं पळाली, कोणीतरी कळशीला पाय लागून पडलं. धुरपताआजी मात्र जागची उठली, गर्दीतून वाट काढत आबांच्या समोर गेली, त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं, मग त्यांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि म्हणाली, “मेल्या, कुठं मरायला गेला व्हतास?”

आबांना दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती आणि ते दोन दिवस पालमला लेकीकडं गेले होते. ‘काळजी करू नका म्हणावं’ हा त्यांचा निरोप, जो शिट्टीनं खाल्ला. संध्याकाळी किसनकाका पूर्ण्याहून परत आला, बापाला बाजेवर बसून पेरू खाताना बघितलं, आणि आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी घरात कोठीच्या मागं लपले होते. माय मला बाहेर काढत म्हणाली, “आता पुन्हा तोंडातून एक जरी अलंकार काढलास ना, तर उलथनं तापवून जिभीला लावीन.”  दादांनी माझा तो कागद घडी करून आपल्या खिशात टाकला आणि मला वाटलं, आता मराठीशी आपला संबंध संपला.

दोन दिवसांनी आबांनी बोलावणं धाडलं. मी मान खाली घालून गेले. आबा बाजेवर बसले होते. म्हणाले, “बस. ती माझी तारीफ म्हण बरं पुन्हा. मला मागून धड ऐकू आली न्हाई.”

कागद दादांकडं होता, पण मला सगळं पाठ होतं. मी म्हणायला लागले. ‘चंदनासारखे झिजले’ म्हटलं की त्यांनी हात वर केला. “झिजलो? मी कुठं झिजलो? ह्या वस्तीत माझ्याएवढा गडी दाखव. काढ ते.” दिव्यासारखे जळले, हेही त्यांना पटलं नाही. दिवा फार लहान. “इंजिनाची बत्ती म्हण. लांबून दिसती.” विजा लपून बसत, तिथं मात्र त्यांचा चेहरा खुलला. “हे ब्येस हाय. ह्याला काय म्हणतेत?”

“अतिशयोक्ती,” मी भीत भीत म्हणाले. “म्हणजे आहे त्यापेक्षा फार वाढवून सांगणं.”

“लय हाय का तुझ्याकडं ती?”

“आहे की, आबा.”

“मंग टाक की! इतकी कमी कामून टाकायलीस? म्या मालगाडी थांबवली व्हती, ते टाक. निस्त्या हातानं. हात असा वर केला, आन् गाडी जागच्या जागी खडी!”

आतून आवाज आला, “खोटं हाय ते. रूळ तुटला व्हता पावसात. माझं लाल लुगडं फडकवून थांबवली. नवं व्हतं. त्या दिवशी जे फाटलं ते फाटलंच.”

“तू चहा टाक,” आबा म्हणाले, आणि मला डोळ्यानं खुणावलं, की लिही.

दमा काही आबांना पूर्वीसारखं फिरू देत नव्हता. ते बाजेला लागले होते. संध्याकाळी कोणी ना कोणी बघायला यायचं, आणि आलेल्या माणसाला चहाबरोबर माझी श्रद्धांजली ऐकावी लागायची. “सुमे, म्हण गं!” अशी हाक आली की मी हातातलं काम टाकून पळायचे. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती, गणित माझं कच्चं होतं, आणि मी रोज एका जिवंत माणसाला तो मेल्याचं वाचून दाखवत होते. ती श्रद्धांजली दर आठवड्याला लांबत गेली. जिंतूरच्या बाजूला एका पुलाखाली त्यांनी कधी बिबट्या पाहिला होता, तो आधी लांबून दिसला, मग जवळ आला, मग आबांनी त्याला हातोडा दाखवला. मालगाडीच्या जागी मला नेहमी थांबावं लागायचं, कारण तिथं आबा मला अडवून ती गोष्ट स्वतः सांगायचे आणि सांगताना प्रत्येक वेळी गाडीला दोन डबे जास्त जोडायचे. आतून आजी म्हणायची, “हातानं न्हाई.” येणाऱ्या पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, माझ्या भज्याच्या नाकाच्या भावाला, सगळ्यांना ती श्रद्धांजली तोंडपाठ झाली. दुसऱ्या दोघा म्हाताऱ्यांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, की आमचं बी असं काही लिहून ठेवतीस का? मला नाही म्हणता आलं नाही. एवढी मागणी पुढं मला कधीच आली नाही.

एकदा मी आबांना सुचवलं, “आजीबद्दल पण एक वाक्य टाकू का? ‘आजी सावलीसारखी त्यांच्या पाठीशी उभी राहिली.’”

आतून उत्तर आलं, “सावली भाकरी करती का गं?”

आबा हसून हसून खोकायला लागले. खोकला थांबेना. आजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्यांची पाठ चोळत बसली. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही.

माघातल्या थंडीत आबा खरोखर गेले. सकाळी किसनकाका आमच्या दारात आला आणि दादांना म्हणाला, “बाबा वारला, गुरुजी.” कोणाला काही विचारावं लागलं नाही. दुपारी सगळं आटोपून लोक परतले आणि विहारासमोर पुन्हा सतरंज्या पडल्या. त्रिशरण, पंचशील झालं. दादांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तो पहिलाच, चंदनाचा आणि दिव्याचा. मी तो न उघडताच उभी राहिले, कारण आबांनी पसंत केलेलं त्याच्यात विजांशिवाय काहीच नव्हतं.

मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं, की बायकांमधून कोणीतरी माझ्याबरोबर म्हणतंय. मग पोरं म्हणायला लागली. इंजिनाच्या बत्तीपर्यंत निम्मी वस्ती माझ्याबरोबर होती. बिबट्यापाशी मी ‘हातोडा’ म्हणायच्या आधीच मागून कोणी “हातोडा!” ओरडलं, आणि लोक हसले. मयताच्या सभेत लोक हसत होते. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ परगावचे होते, ते रागानं म्हणाले, “ही काय पद्धत आहे? शांत बसा.” किसनकाकाही हसत होता आणि त्याच वेळी रडत होता.

मग मालगाडी आली. “आबांनी एकदा नुसता हात वर करून मालगाडी थांबवली,” एवढं म्हणून मी सवयीनं थांबले. सगळेच थांबले. कोणी अडवलं नाही. मला पुढचं वाक्य येत होतं, पण तोंडातून निघेना. मी हातातला कागद उघडून बघितला, तर त्यात ते नव्हतंच. मी तिथं उभी, आणि पहिल्यांदाच मला समजलं, की माणूस मेला म्हणजे काय होतं. रडू आलं ते आवरेना. माझ्या रडण्याला त्या वेळी कशाचीही उपमा सुचली नाही, नाक मात्र वाहत होतं हे आठवतं.

बायकांच्या पुढं धुरपताआजी बसली होती. लोक तिच्याकडं बघायला लागले, कारण आता तिचं वाक्य होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. अध्यक्षांकडं बघून ती म्हणाली, “हातानंच थांबवली व्हती त्यानं. मी व्हते तिथं.” आणि मग मला म्हणाली, “वाच म्होरं.”

मी पुढचं म्हटलं. कसं म्हटलं ते आठवत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी केली होती, लोक जेवले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, परगावचे अध्यक्ष शेवटच्या एसटीनं गेले. मी घरी निघाले तर आजीनं बोलावून घेतलं. तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि मी जेवीपर्यंत बसून राहिली. घरात चुलीचा धूर कोंडला होता.  मग तिनं विचारलं, “परीक्षा कवा हाय तुझी?”

“पुढच्या महिन्यात, आजी.”

“मंग हितं येऊन अभ्यास करत जा संध्याकाळचा. मोठ्यानं करत जा.”

“मोठ्यानं कशाला?”

आजीनं ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. म्हणाली, “घर लय गप झालंय.”

मी परीक्षा होईपर्यंत रोज गेले. गणितसुद्धा ओरडून केलं.